बांधापलीकडचा ठोका

पुण्याजवळच्या मांजरी गावात, आमच्या मळ्यात वाफेचं एक इंजिन होतं. आता त्या जागी अकरा मजली इमारती उभ्या आहेत, आणि जिथं गुळाची कढई चढायची नेमकं तिथं निळ्या फरशीचा पोहायचा तलाव झालाय. मला मात्र ते इंजिन अजून दिसतं. काळं, तेलकट, चार चाकांवर उभं. आजोबांनी ते कुठून तरी जुनं घेतलं होतं. वाळलेल्या चिपाडावर त्याची भट्टी पेटायची, मोठं चाक हळूहळू फिरायला लागायचं, चाकावरचा पट्टा चरक ओढायचा आणि उसाचा रस पन्हळीतून खाली उतरायचा. थंडीत, सकाळच्या धुक्यात त्याचा ठोका सुरू झाला की आख्ख्या शिवारानं कूस बदलल्यासारखं वाटायचं.

मी त्या इंजिनाजवळ बसत असे. खाली आजोबांची घोंगडी, आणि हात लांब केला तर चाकाचा वारा लागेल एवढंच अंतर.

संभाजी ओव्हाळ बांधापलीकडे बसत असे.

त्याची आई मुक्ताई आमच्याकडे चिपाड वाळत घालायला यायची. चरकातून निघालेलं ओलं चिपाड पाटीनं उचलून ती बांधापलीकडच्या माळावर पसरायची. चिपाडाला तिचा हात चालत होता. रसाला चालत नव्हता, गुळाला चालत नव्हता, आणि तिच्या पोरानं बांध ओलांडून इंजिनाजवळ यायचं नव्हतं. हे कुणी ठरवलं, ते कुणी विचारत नव्हतं. आजोबा गावात चांगले म्हणून ओळखले जात. दिवस मावळता ते कोमट गुळाचा खडा बांधावरून वरच्यावर टाकायचे आणि संभाजी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत झेलायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो.

ज्या साली त्या मंडळींनी धम्म घेतला, त्या साली मुक्ताईनं चिपाडाची पाटी खाली ठेवली ती कायमची. ते सगळे येरवड्याला राहायला गेले. पुढं साखर कारखान्यांचे दिवस आले, गुऱ्हाळ बसलं, इंजिन भंगारात गेलं. मला वाटलं होतं की आता ते फक्त माझ्याच डोक्यात उरलंय.

मग दोन हजार साली, एका रविवारी, मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. त्या दिवसांत तिथं अवजारांचा नुसता पूर आलेला असायचा. भोसरी-चिंचवडकडचे लहान कारखाने एकेक करून कुलपात जात होते, किंवा कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आणत होते, आणि माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या कानशी, गुण्ये, ड्रिल पोत्यापोत्यानं रस्त्यावर येऊन पडत होते. एक म्हातारा उकिडवा बसून एकेक कानस उचलत होता आणि तिच्या दातांवरून अंगठा फिरवत होता. विक्रेत्यानं एक पितळी नळी त्याच्याकडे भिरकावली. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून ती झेलली.

त्या ओंजळीवरून मी ओळखलं.

मी हाक मारली. त्यानं ऐकली नाही. मी समोर जाऊन बसलो, तेव्हा तो माझ्या ओठांकडे पाहायला लागला आणि म्हणाला की जरा सावकाश बोला, डावा कान गेलाय आणि उजवा जायच्या तयारीत आहे. मी मांजरीचा तात्याराव म्हणून सांगितलं. त्यानं हातातली नळी खाली ठेवली.

"इंजिनवाले," तो म्हणाला.

त्या दिवशी तो मला घरी घेऊन गेला. येरवड्यात दोन खोल्यांचं बैठं घर, मागं हातभर अंगण, आणि अंगणात पत्र्याची एक शेड. शेडचं दार उघडलं आणि मला क्षणभर देवळात, मग शाळेत, मग लोहाराच्या भात्यापाशी आल्यासारखं वाटलं. भिंतीवर प्रत्येक अवजाराची पेन्सिलीनं काढलेली आकृती होती आणि त्या आकृतीवर ते अवजार टांगलेलं. एका बाजूला जुना, लहानसा लेथ. मधे लाकडी बाक, त्याला पकडीचा व्हाइस. पन्हळी पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडत होते आणि प्रत्येक कवडशात लोखंडाची बारीक धूळ सावकाश तरंगत होती. तिथं बसलं की घड्याळ मागं पडायचं.

संभाजीरावांनी एका सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली होती. त्या यंत्रांच्या धडधडाटानंच कान खाल्ले. नोकरीच्या शेवटी खिळे जुळवून छापायची ती यंत्रंच गेली, टेबलावर कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्या हातातली विद्या कुणाला नको झाली. छापखान्यात त्यांची एक खासियत होती. कुठल्या बेअरिंगमधून कुरकुर येतेय हे कुणाला कळेना, की ते एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक यंत्राला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग बोट ठेवून सांगायचे, हे.

डॉक्टरांनी उजव्या कानाला दोन, फार तर तीन वर्षं दिली होती. मुलगी दीपाली कल्याणीनगरच्या काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरची नोकरी करत होती. तिनं कानाचं मशीन आणून दिलं. त्यात सगळंच मोठं व्हायचं आणि बारीक काहीच कळायचं नाही, म्हणून ते खोक्यातच राहिलं.

आणि त्यांना ऐकायचं होतं ते बारीकच. ते त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं. लहानपणी चिपाडाच्या ढिगावर आडवं पडलं की खालून ऊब यायची, वरून ऊन यायचं आणि बांधापलीकडून तो ठोका यायचा. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक. त्या मधल्या शांततेत झोप लागायची. चौतीस वर्षं छापखान्याच्या गदारोळात तो ठोका त्यांनी मनात जपला होता. आता तेच इंजिन, ताटात मावेल एवढं, घरी करायचं आणि कान आहे तोवर एकदा ऐकायचं. बाकी काही नको.

दीपालीनं एकदा इंटरनेटवरून वाफेच्या इंजिनाचा आवाज शोधून त्यांच्या कानाला लावला होता. त्यांनी पूर्ण ऐकला आणि सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. पण हे कुणाचं तरी दुसऱ्याचं आहे."

त्यानंतर मी महिन्यातून एखादा रविवार तिथं जाऊ लागलो. मी शेतकरी माणूस, मला अवजारातलं कळत नाही. मी नुसता बसायचो आणि बघायचो. त्यांनी रॉकेलच्या जुन्या स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी घेतली आणि तिचा सिलिंडर केला. शिवणयंत्राचं चाक घेतलं. छापखान्याच्या भंगारातले ओतीव लोखंडाचे तुकडे घेऊन वाफेची पेटी केली. बॉयलरच्या जागी घरचा जुना प्रेशर कुकर, त्याच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी. कानस ते कधी दाबून चालवत नसत. ती पुढं जाताना हलकासा श्वास सोडायचे आणि मागं आणताना उचलून घ्यायचे. त्या लयीत बघणाराचाही श्वास संथ व्हायचा.

सगळा जीव एका ठिकाणी होता. सिलिंडरमध्ये एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं वाफ सोडणारी एक सरकती झडप असते. आगपेटीएवढा लोखंडाचा तुकडा, सपाट बैठकीवर मागंपुढं सरकणारा. झडप आणि बैठक ही दोन्ही अगदी सपाट हवीत. केसाएवढी जरी फट राहिली तरी वाफ तिथूनच निसटते. संभाजीरावांनी दोन्ही एकमेकांवर घासायला घेतली. कुठं टेकतंय आणि कुठं नाही हे बघायला एकावर तेलात कालवलेला रंग पुसायचा, दुसरं त्यावर ठेवून हलवायचं. जिथं उंचवटा असेल तिथं रंग लागतो, आणि तेवढंच खरवडायचं. खरवडणी त्यांनी स्वतः केली होती, एका मेलेल्या त्रिकोणी कानशीचे दात घासून काढून आणि धार लावून.

रंग म्हणून त्यांच्या छापखान्यात शेंदूर वापरत. तिथले जुने फिटर तेच म्हणायचे, शेंदूर लावून बघ. त्यामुळं तो त्यांच्या लेखी एक कामाचा रंग होता, बस. नारायण पेठेत पूजेच्या सामानाचं एक दुकान होतं, अनंतरावांचं. संभाजीराव तिथं गेले आणि तेलात बसणारा शेंदूर मागितला.

"मारुती केवढा आहे?" अनंतरावांनी वर न बघता विचारलं.

"आगपेटीएवढा. लोखंडाचा."

"मग पुडी पुरेल. डबा घेतलात तर देऊळ बांधावं लागेल."

यांनी डबाच घेतला. मला ही हकीकत सांगताना ते खूप हसले होते.

दोन महिने घासल्यावर झडप आणि बैठक अशी जुळली की एकावर एक ठेवून वरची उचलली तर खालची चिकटून वर यायची. शेंदूर सगळीकडे सारखा लागत होता. मी शिक्कामोर्तब केलं, त्यांनीही केलं. आमच्या दोघांच्या मतानं काम फत्ते होतं.

पहिल्यांदा इंजिन चालवलं त्या दिवशी मी नव्हतो. नंतर कळलं ते असं. कुकर तापला, वाफ आली, चाकाला बोट लावलं, चाक फिरलं. पण ते लंगडत फिरलं. एक ठोका भरदार, पुढचा फुसका. दहा-बारा फेऱ्या झाल्या आणि वाफ सुस्कारत बाजूनं निघून गेली, चाक थांबलं. आवाज ऐकून त्यांच्या पत्नी प्रेमलाताई बाहेर आल्या. त्यांना इंजिन दिसलं, आपला कुकर दिसला, आणि फळीवरचा शेंदराचा डबा दिसला.

प्रेमलाताई म्हणजे महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई. शब्द मोजका आणि ताठ. त्यांच्या लहानपणी वडिलांनी घरातले शेंदूर फासलेले सगळे दगड स्वतः उचलून बाहेर नेले होते, आणि त्या दिवसापासून माहेरी आणि सासरी शेंदरानं उंबरा ओलांडला नव्हता. संभाजीराव सांगायला लागले की हा नुसता रंग आहे, लोखंडाच्या कामाचा.

"डब्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पंधरा दिवस शेडमध्ये चहा आला नाही. मी गेलो तेव्हा संभाजीराव बाकावर हात ठेवून नुसते बसले होते. त्यांना दोन गोष्टींचं दुःख होतं आणि दोन्हींवर उपाय दिसत नव्हता. चौतीस वर्षं आपण हा रंग बोटांनी कालवला, पण त्याला घरी आणताना तो कुठून आलाय हे आपल्याला आठवलंसुद्धा नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. आणि झडप इतकी जुळलेली असताना गळते का, हे कळत नव्हतं. उजवा कान आणखी मंदावला होता. कुकरची शिट्टी आता शेजारच्या घरातल्यासारखी येते, असं ते म्हणाले.

सोळाव्या दिवशी शेडच्या उंबऱ्यावर एक वाटी होती. प्रेमलाताईंनी कपड्यांची नीळ मशीनच्या तेलात कालवून ठेवली होती, गोळी न राहील अशी, पिठलं घोटावं तशी घोटून. खूण कळायलाच रंग हवा ना, मग हा घ्या, एवढंच बोलल्या. शेंदराचा डबा संभाजीरावांनी आधीच अनंतरावांना परत नेऊन दिला होता. अनंतरावांनी विचारलं म्हणे, मारुती पळाला का?

मग प्रेमलाताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं नीट समजून घेतलं. झडप कुठली, बैठक कुठली, कशावर काय घासलं. तो रविवार होता, मी तिथंच होतो. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, जुळवले, वेगळे केले, आणि मोठ्यानं, नवऱ्याच्या उजव्या कानाशी म्हणाल्या:

"अहो, वर्गात दोन मुलं शेजारी बसून एकमेकांचं बघून लिहायची. दोघांचं उत्तर तंतोतंत जुळायचं आणि दोन्ही चूक असायचं. मी तिसऱ्याची वही मागवायचे."

संभाजीरावांनी झडप उचलली, उन्हाच्या कवडशात धरली, आणि तिच्या पोटावरून नख फिरवलं. ते पोट किंचित फुगीर होतं. बैठक तेवढीच खोलगट होती. दोघी एकमेकींत अशा बसल्या होत्या की बिनतक्रार; पण झडप सरकली, जागची हलली, की फट उघडी पडत होती. छापखान्यात असली चूक झालीच नसती, कारण तिथं कंपनीतून आलेली अस्सल सपाट पाटी असायची, तिच्याशी ताडून बघायचं. घरी ताडायला काही नव्हतं. काच लावून पाहिली होती, तर पातळ काच हाताच्या दाबानंच वाकत होती.

त्या दुपारी त्यांनी ओतीव लोखंडाच्या तळहाताएवढ्या तीन पाट्या बाकावर मांडल्या.

पुढचं काम दीड वर्ष चाललं. पहिलीवर नीळ पुसायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, निळे ठिपके खरवडायचे. मग दुसरी आणि तिसरी. मग तिसरी आणि पहिली. दोघींत एक फुगीर आणि एक खोलगट असेल तर त्यांचं एकमेकींशी जमतं, पण तिसरीशी दोघींचंही जमू शकत नाही. तिघींचं तिघींशी जमायला लागलं, की सपाट होण्यावाचून त्यांना दुसरी वाटच उरत नाही. बाहेरून कुठली अस्सल पाटी आणावी लागत नाही. मला हे समजायला दोन रविवार लागले, आणि समजल्यावर मी मांजरीला परत जाताना बसमध्ये एकटाच त्यावर विचार करत होतो.

बाहेर काळ धावत होता. दर वेळी येताना मला खराडीच्या वाटेवर एक नवा काचेचा बुरूज दिसायचा. आमच्या भावकीनं मळा विकला. दीपालीनं गाडी घेतली, मग मोठी गाडी घेतली. शेडमध्ये मात्र खरवडणी चिमटीएवढं लोखंड काढायची, कधी तेवढंही नाही, नुसती धूळ. संभाजीरावांची बोटं निळी झाली होती आणि प्रेमलाताई त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या धुताना म्हणायच्या की आता वेगळी नीळ घालायला नको. सुरुवातीला पाटीवर दोन-तीन मोठे निळे डाग उठायचे, मग दहा, मग पन्नास बारीक ठिपके. शेवटी शेवटी ती पाटी उन्हात धरली की उन्हाळ्यातलं चांदणं दिवसा पाहिल्यासारखं वाटायचं.

मग त्या पाट्यांशी ताडून झडप आणि बैठक नव्या तुकड्यांतून केली; जुनी जोडी डबीत गेली. ते काम चार दिवसांत संपलं.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात प्रेमलाताईंचा फोन आला की रविवारी दुपारी या, त्यांना तुम्ही हवे आहात. का, ते मला माहीत होतं. ते इंजिन जवळून ऐकलेला या जगात मी एकटाच उरलो होतो.

शेडमध्ये ऊन तसंच पडलं होतं. कुकर तापत होता. संभाजीरावांनी पांढरा धुतलेला सदरा घातला होता. आता त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या कानाला तोंड लावावं लागायचं. वाफ आली, त्यांनी चाकाला करंगळी लावली, आणि इंजिन चालायला लागलं. एवढं हळू, एवढं सरळ, की चाक फिरतंय की ऊन फिरतंय हे कळेना. वाफ कुठून निसटत नव्हती. ठक, ठक, ठक, ठक. एकसारखे ठोके.

ते इंजिनाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"सांगा. तोच आहे का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण ज्या माणसानं दीड वर्ष निळे ठिपके खरवडले त्याच्यापुढं मला ते म्हणवेना. मी त्यांच्या कानाशी गेलो.

"नाही, संभाजीराव. आमचं इंजिन लंगडत होतं. एक ठोका जड आणि एक फुसका. तुमचं सरळ चालतंय."

"मला एकच आठवतो," ते म्हणाले. "ठक. मग बराच वेळ काही नाही."

"फुसका बांधापर्यंत पोचत नसेल."

इंजिन चालत राहिलं. प्रेमलाताई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, म्हणजे पहिल्यांदा चाललं होतं तसं. मी मान हलवली. ते शब्द संभाजीरावांनी त्यांच्या ओठांवरून वाचले.

मी सांगितलं की आजोबांनी पुण्याहून दोनदा मिस्त्री आणला होता आणि दोन्ही वेळा तो चहा पिऊन, इंजिनाचा स्वभावच तसा आहे असं सांगून गेला होता. संभाजीरावांना हसू आलं.

"स्वभाव कसला. झडप गळत होती." मग छापखान्यात बेअरिंगचं सांगावं तितक्याच साध्या आवाजात म्हणाले, "जवळ येऊ दिलं असतं, तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

मी मागं सरून दाराशी जाऊन उभा राहिलो.

प्रेमलाताई पुढं आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. त्यांनी विचारलं, "मग जुनी झडप बसवायची का परत? तुम्हाला ऐकायचा होता तसा होईल."

जुनी झडप तिथंच डबीत होती. संभाजीरावांनी डबीकडे पाहिलं. सदऱ्याला हात पुसावा असं त्यांना वाटलं असावं, पण सदरा पांढरा होता, म्हणून त्यांनी चिंधीला पुसला.

"नको," ते म्हणाले. "चूक ती चूक."

मग त्यांनी भिंतीवरच्या आकृतीवरून तो लांब स्क्रूड्रायव्हर उतरवला. टोक इंजिनाच्या पायाला लावलं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांचा चेहरा हलला नाही. मग गुडघ्यावर ठेवलेल्या डाव्या हाताचं एक बोट उचललं गेलं आणि पडलं. मग दुसरं. मग पहिलं, मग दुसरं, चाकाच्या बरोबर.

"दोन्ही येतायत," ते म्हणाले.

कुकरमधलं पाणी अजून बरंच होतं. मी दाराशी, माझ्या नेहमीच्या जागी उभा होतो. डोळे न उघडता संभाजीराव बाकावर थोडे सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हातानं थोपटली.

"जवळ येऊन बसा, तात्याराव. तिथून निम्मंच ऐकू येतं."